दोन पेन्सांचे गणित

दिवाळीच्या सुमारास खानदेशात कापसाची वेचणी सुरू झाली, की वर्गात मी एक जुने गणित हटकून घालतो. लिव्हरपूलला कापूस विकून एक पौंड आला. रुपया सोळा पेन्सांचा असेल, तर त्याचे होतात १५ रुपये. अठरा पेन्सांचा असेल, तर १३ रुपये ५ आणे ४ पै!

१९२७ साली, हिल्टन यंग कमिशनच्या शिफारशीवरून, सरकारने अठरा पेन्सांचा दर कायद्याने कायम केला. कमिशनातले सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास सोळा पेन्सांसाठी भांडले, पण व्यर्थ. विलायती माल स्वस्त झाला, सरकारचा विलायतेतला खर्च कमी रुपयांत भागू लागला. जळगाव-धुळ्याच्या कास्तकाराचा सारा मात्र रुपयांतच ठरलेला. तो काही घटला नाही.

१९३० च्या जानेवारीत गांधीजींनी अकरा मागण्या मांडल्या. त्यांतली मिठाची सर्वांना ठाऊक आहे. सोळा पेन्सांचीही तीत होती, हे कितीजणांच्या स्मरणात आहे? मीठ मूठभर उचलून कायदा मोडता आला. हुंडणावळीचा दर मुठीत कसा यावा? इंग्रज गेले, तरी अठरा पेन्स १९६६ च्या जूनपर्यंत टिकून राहिले.