गुहेत राहणारे शहर?

येरवड्याहून पहाटे निघालेली सहलीची गाडी नारायणगावात मिसळीसाठी थांबते आणि जुन्नर ओलांडून लेण्याद्रीच्या पायथ्याला लागते. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून, धापा टाकत मंडळी गिरिजात्मजाचे दर्शन घेतात. मग बाजूच्या खोल्यांत डोकावतात आणि कोणीतरी बोलतोच, ‘बघा, तेव्हा माणसं अशी गुहेत राहायची.’ जुन्नर म्हणजे गुहांत वसलेले प्राचीन नगर, हा समज इतका रुजला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. ‘लेणे’ हा शब्द ‘लयन’वरून आला, आणि लयन म्हणजे आसऱ्याची जागा. खोलीत निजायला दगडी ओटा आहे, दाराशी पाण्याचे टाके आहे. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा लेणी असे डोंगर फिरून मोजली, तर लेण्यांची संख्या दोनशेच्या पुढे जाते. एवढ्या खोल्यांत एक गाव सहज मावेल, असा हिशेब कोणीही करील.

आता उत्तर. गिरिजात्मज बसला आहे तो विहार लेण्याद्रीवरचा सर्वांत मोठा, आणि त्यात खोल्या वीसेक. तिथे भिक्षू राहत, हे खरेच. पण भिक्षूंचे राहणे म्हणजे नगराचे राहणे नव्हे. शेजारचे लेणे चैत्यगृह आहे. त्यात स्तूप आहे, निजायची खोली एकही नाही. तुळजा लेण्यात बारा खांबांच्या वर्तुळात स्तूप होता. तिथे कोणी चूल मांडली असेल? जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर पाहून आठव्या शतकातले पुणेकर जमिनीखाली राहत, असे आपण म्हणत नाही. जुन्नरला गेल्यावर मात्र हा शहाणपणा गाडीतच राहतो.

खरा पुरावा भिंतीवरच कोरलेला आहे आणि आपण त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतो. जुन्नरच्या ब्राह्मी लेखांत पुन्हा पुन्हा एक शब्द येतो: ‘देयधम’, म्हणजे दान. स्वतःच्या घरावर ‘हे मी दान दिले’ असे कोण लिहील? धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक ‘पोढी’, म्हणजे टाके, दिले. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा मानमोडीवरचा लेख तर वर्षही सांगतो, 46. ते शकाचे धरले तर इ.स. 124. आडुथुम नावाचा शक उपासक एका गावी करंजासाठी 20 निवर्तने जमीन देतो आणि दुसऱ्या गावी वडासाठी 9. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेण्यांकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचाही लेख आहे. आता या सगळ्यांची यादी समोर ठेवून विचारावे, ही माणसे राहत कुठे होती? धान्याची कोठारे, कासारांच्या भट्ट्या, बांबूचे ढीग यांपैकी काय त्या कड्यावर चढवता येईल? शहर खाली कुकडीच्या काठच्या सपाटीवर होते. त्याची घरे माती-विटांची, म्हणून ती गेली, कातळ उरला. जे उरले तेवढेच होते, अशी समजूत करून घेणे हा आपला आळस. येरवड्यातल्याच डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी जुन्नरला उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्ती मातीखालूनच वर आली.

याच समजाचा एक सुशिक्षित भाऊ आहे. तो म्हणतो, शहर नसेल, पण भिक्षूंनी एकांतासाठी दुर्गम डोंगर निवडला. दुर्गम कोणाला? जुन्नरवरून वाट नाणेघाटाला जाते, घाट उतरला की कल्याण आणि सोपाऱ्याची बंदरे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण अजून आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे सांगतात. कल्याणचा माणूस जुन्नरला चैत्य देतो, तो या रहदारीमुळेच. भिक्षूला भिक्षा हवी, दात्याला पुण्य हवे, आणि दोघांनाही बाजार पायी जाण्याइतका जवळ हवा. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी काढायचे, तर वर छप्पर न गळणारे हवे आणि खाली वाढणारे गाव हवे. कड्यातल्या विहाराला दोन्ही मिळत होते.

नाणेघाटातले लेणे तर दोन्ही समजांना खोटे पाडते. आत भिक्षूची खोली नाही, स्तूप नाही. भिंतीवर आहे तो सातवाहन राणी नागनिकेचा लेख: अश्वमेधासह केलेले यज्ञ, आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापणांचे आकडे. घाट चढून आलेला व्यापारी तिथे ओझे उतरवून बसे. दमला असेल, तर डोळा लागेपर्यंत ते आकडे वाचत असेल.