पहिला घास आणि त्यानंतरचे घास

धाकट्या बहिणीच्या मुलीचे उष्टावण होते. मामा म्हणून मान माझा होता. गुरुजींनी मुलगी असल्यामुळे सातवा महिना सुचवला होता. पाट, रांगोळी, चांदीची वाटी, तांदळाची खीर, खिरीत बुडवलेली सोन्याची अंगठी असे सारे यथासांग झाले. भाचीने अंगठी चाटली, तोंड वाकडे केले, सगळे हसले आणि छायाचित्रे निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच घरात बहीण आणि तिच्या सासूबाई तांदूळ आणि मुगाची डाळ मंद आचेवर भाजत बसल्या होत्या. खिमटाची तयारी चालली होती. भाजून झाले, रवाळ दळून झाले, शिजवून, तूप घालून निवत ठेवले. मग भाचीला मांडीवर घेऊन भरवणे सुरू झाले. त्याला पाऊण तास लागला. निम्मे खिमट पदरावर आले, थोडे जमिनीवर आणि उरलेले पोटात गेले. या पाऊण तासाचे छायाचित्र कोणी काढले नाही.

या दोन प्रसंगांमधले अंतर तेव्हापासून मनात घर करून राहिले आहे. मूल अंगावरच्या दुधाकडून ताटातल्या अन्नाकडे येते, या संक्रमणाचा आपल्याकडे दीर्घ लेखी इतिहास आहे. मात्र त्यात पहिल्या घासाविषयी पुष्कळ आणि दुसऱ्या घासापासून पुढे फार थोडे सापडते. प्रस्तुत लेखात या विषमतेचा थोडा शोध घ्यायचा आहे.

सुरुवात शब्दापासून करू. संस्कृतातला शब्द 'अन्नप्राशन'. त्यात भर अन्नावर आहे. मराठीने मात्र 'उष्टावण' हा शब्द रूढ केला. त्याचे नाते 'उष्टे' आणि त्यामागच्या 'उच्छिष्ट' या शब्दाशी आहे. इथे लक्ष अन्नावरून मुलाच्या तोंडावर सरकते. तोंड अन्नाला लागले, अन्न उष्टे झाले आणि मूल जेवणाऱ्या माणसांच्या पंगतीत आले. गंमत अशी की गौतमधर्मसूत्र मुंजीपूर्वीच्या मुलाला वागण्या-बोलण्याची आणि खाण्यापिण्याचीही मोकळीक देते. शास्त्राच्या दृष्टीने अजून विधिनिषेधाबाहेर असलेल्या जिवाला मराठी भाषा मात्र कौतुकाने 'उष्टे करणारा' म्हणते.

हे कौतुक सर्वांच्या वाट्याला आले नाही, हेही याच शब्दापाशी सांगितले पाहिजे. मार्च १९२७ मध्ये महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाला मृत जनावरांचे मांस आणि शिळेउष्टे तुकडे घेणे सोडून देण्याचे आवाहन केले. दुसऱ्याच्या पानातले उरलेले अन्न हाच ज्या घराचा आधार होता, तिथल्या मुलाच्या तोंडी पहिला घासही त्यातलाच जात असणार. अशा घरात 'उष्टे' या शब्दातून कौतुक कोठून यावे? एकाच धातूचे नाणे एका घरी दागिना होते आणि दुसऱ्या घरी डाग.

आता ग्रंथांकडे वळू. अन्नप्राशनाचा विधी गृह्यसूत्रांत येतो आणि तो बहुतेक ठिकाणी सहाव्या महिन्यात सांगितला आहे. मनुस्मृतीही सहावा महिना देते आणि कुलाचाराला मोकळीक ठेवते. आजच्या खिरीची सवय असलेल्या वाचकाला आश्वलायन आणि पारस्कर गृह्यसूत्रांतली यादी वाचताना नवल वाटेल. आश्वलायनात अन्नसमृद्धी हवी असेल तर बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चस हवे असेल तर तित्तिर पक्ष्याचे आणि तेज हवे असेल तर तूपभात सांगितला आहे. पारस्करात वाणीच्या प्रवाहासाठी एक पक्षी येतो आणि चपळाईसाठी मासे. दही, मध आणि तूप मिसळलेले अन्नही आहे. मुलीच्या बाबतीत मात्र आश्वलायन कृती तीच ठेवतो आणि मंत्र काढून घेतो. उत्तरकालीन धर्मनिबंधांनी मुलासाठी सम महिने आणि मुलीसाठी विषम महिने अशी वाटणी केली. माझ्या भाचीचा सातवा महिना तिथून आलेला होता.

या यादीतल्या प्रत्येक पदार्थापुढे एक इच्छा लिहिलेली आहे. वाणी, तेज, चपळाई, दीर्घायुष्य अशा त्या इच्छा आहेत. म्हणजे पहिला घास हा मुलाच्या भवितव्याविषयी मोठ्यांनी केलेला संकल्प होता. उत्तर कोकणातल्या शिलाहार घराण्यातला राजा अपरादित्य, म्हणजे बाराव्या शतकातला टीकाकार अपरार्क, याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या आपल्या टीकेत जी वचने उद्धृत करतो, त्यांत या विधीनंतरची जीविकापरीक्षाही येते. मुलापुढे शस्त्रे, पुस्तके, कारागिराची हत्यारे मांडायची आणि ते प्रथम कशाला हात लावते त्यावरून त्याची उपजीविका ताडायची. संकल्प, परीक्षा आणि भाकीत झाले की सूत्रकाराचे काम संपते. संध्याकाळी मुलाला काय द्यायचे, किती वेळा द्यायचे, ते थुंकले तर काय करायचे, हा प्रश्न त्याला पडत नाही.

हा प्रश्न वैद्यांना पडला. 'काश्यपसंहिता' हा बालरोगांना वाहिलेला आयुर्वेदाचा ग्रंथ नेपाळमध्ये मिळालेल्या हस्तलिखितावरून पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रस्तावनेसह १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडला. त्यात सहाव्या महिन्यात फलप्राशन आहे, धान्याचे अन्न मात्र दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्याच्या सुमारास. आधी फळांचा रस, मग धान्य, अशी ही चढण आहे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त अंगावरून तोडलेल्या मुलासाठी चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या आणि खडीसाखर यांचे लाडू सांगितले आहेत. इथे पहिल्या घासानंतरची, दूध सुटत चाललेल्या मुलाच्या भुकेची चिंता दिसते. (आजचे बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये असे सांगतात. त्यातून होऊ शकणारी जंतुबाधा गंभीर असते. जुना ग्रंथ वाचताना ही सावधगिरी सुटू नये.)

इथे एका मोहाविषयी सांगितले पाहिजे. मे २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर पूरक आहार अशी शिफारस केली. त्यापूर्वीचा सल्ला चार ते सहा महिन्यांचा होता. तेव्हा 'आमच्या सूत्रकारांना हे आधीच ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह होतो. पण भाषेच्या अभ्यासकाने क्रमवाचक आणि संख्यावाचक विशेषणांत घोटाळा करू नये. 'सहाव्या महिन्यात' म्हणजे पाच महिने पूर्ण झाल्यावर, आणि 'सहा महिन्यांनंतर' म्हणजे सातवा महिना लागल्यावर. शिवाय सूत्रकारांचा महिना संस्काराच्या वेळापत्रकातला आहे, तर २००१ चा महिना जगभरातल्या अभ्यासांतून आलेला आहे. दोन्ही जवळजवळ एकाच जागी आले, ही लक्षात घ्यावी अशी गोष्ट आहे. त्यापलीकडे तिच्यावर फार भार टाकू नये.

खरे ज्ञान जिथे साठले होते त्या जागेला आपण ग्रंथालय म्हणत नाही. नाचणीचे सत्त्व घ्या. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटायची, गाळायची, साका खाली बसू द्यायचा आणि सुकवायचा. काही घरी मोड आलेली नाचणी वाळवून, भाजून दळतात. मोड येताना धान्यात पिष्टमय पदार्थ फोडणारे विकर तयार होते. असे पीठ शिजवले तर ते फार घट्ट होत नाही. म्हणून तेवढ्याच वाटीत अधिक पीठ, म्हणजे अधिक बळ मावते. लहान मुलाचे पोट मुठीएवढे असते, त्यामुळे ही गोष्ट निर्णायक ठरते. गाळताना कोंड्याबरोबर काही पोषकद्रव्येही जातात, ही त्या पद्धतीची उणी बाजू. १९८० च्या दशकात बडोद्यातल्या आहारशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या धान्याच्या पिठाचा या अंगाने पद्धतशीर अभ्यास केला.

याच विकरावर युरोपात एक उद्योग उभा राहिला. १८६५ मध्ये युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गाईचे दूध, गव्हाचे पीठ, मोड आणलेल्या धान्याचे पीठ आणि थोडा क्षार यांपासून शिशुआहार सिद्ध केला. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऑन्री नेस्ले यांनी दूध आणि पिठाचे मिश्रण बाजारात आणले. न्यूझीलंडच्या दुधावर वाढलेल्या 'ग्लॅक्सो'चा शिशुआहार भारतात विकण्यासाठी १९२४ मध्ये एक एजन्सी कंपनी स्थापन झाली. पुढे तिचेच रूपांतर औषधांच्या मोठ्या कंपनीत झाले. लीबिगच्या मोडाला शोधकर्त्याचे नाव मिळाले, डबा मिळाला आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र आले. आजीच्या मोडाला असे काही मिळाले नाही. मूल धष्टपुष्ट हवे तर डब्यातलेच हवे, ही समजूत मध्यमवर्गात रुजली. ज्यांना डबा परवडत नव्हता ते त्यात पाणी वाढवू लागले.

या पाण्याची किंमत सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी जगाला दाखवली. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी दूध आणि खून असे दोन शब्द एकत्र आणणाऱ्या मथळ्याचे भाषण केले आणि कृत्रिम दुधाच्या खोट्या प्रचाराला थेट दोष दिला. त्यापूर्वी, १९३० च्या दशकातच त्यांनी आजच्या घानामध्ये मुलांच्या एका कुपोषणाचे वर्णन केले होते आणि त्यासाठी तिथल्या गा भाषेतला शब्द जसाच्या तसा उचलला होता. क्वाशिओरकोर म्हणजे पाठचे भावंड आल्यावर आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार. वैद्यकाच्या ज्ञानात त्या बायकांच्या निरीक्षणाला त्यांच्याच भाषेत जागा मिळाली, असे क्वचित घडते. दूध सुटते आणि त्याची जागा घेणारे अन्न येत नाही, या फटीचे ते नाव आहे. आपल्याकडे तान्ह्या मुलांच्या आहाराच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९९२ मध्ये झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने तो दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आहाराला कडकपणे लागू झाला.

मग या फटीत शासन आले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासींच्या अंगणात बालशिक्षण नेले होते. तो 'अंगण' शब्द २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेला. २००१ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने निघालेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंची नोंद शासकीय कागदांवर किती अपुरी आहे हे दाखवले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले. २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण २००५-०६ मधल्या सुमारे ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे दिसले. म्हणजे हे बदलता येते. पण समाधान मानण्यासारखी स्थिती नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले ११.३ टक्के निघाली. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांत दुधाबरोबर घन किंवा अर्धघन अन्न मिळणारी ४५.९ टक्के होती.

हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. पहिला घास निम्म्याजवळ मुलांपर्यंत वेळेवर पोहोचतो. त्यानंतरचे घास, म्हणजे दिवसातून पुरेशा वेळा, पुरेशा प्रकारचे, धान्य-डाळ-भाजी-फळ-दूध-अंडे यांतले जमेल ते, नऊ मुलांत एकालाच मिळतात. यात दारिद्र्य आहेच. पण दुसरीही एक गोष्ट आहे. भरवणे हे वेळ खाणारे काम आहे, आणि शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेल्या आईकडे तो पाऊण तास नसतो. सोन्याची अंगठी एकदा बुडवायला मामा पुरतो. खिमट दिवसातून तीन-चार वेळा भरवायला कोणीतरी घरी असावे लागते, त्या माणसाला मजुरी बुडण्याची भीती नसावी लागते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे मांडण्याचे कारण एवढेच, की ज्याला शब्द मिळतो त्याला इतिहास मिळतो. पहिल्या घासाला संस्कृतात एक आणि मराठीत एक असे दोन भारदस्त शब्द आहेत. पुढच्या घासांचे शब्दही आपल्याकडे आहेत : खिमट, पेज, गुरगुट्या भात, लापशी, सत्त्व, वरणाचे पाणी. त्यामागे काऊ-चिऊच्या नावाने मन वळवण्याची सारी कला आहे. पण ते शब्द बोलण्यात राहिले, लिखाणात कमी आले. सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीला, मावशीला, शेजारच्या अंगणवाडीताईला एवढेच विचारा की तुम्ही मुलाला काय भरवत होता आणि त्या वेळी तुमची बाकीची कामे कोण करत होते. उत्तर जसे मिळेल तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा लांबेल.

भाची आता वर्षाची होत आली आहे. अंगठी कपाटात गेली. खिमटाचा डबा तिसऱ्यांदा भरला गेला आहे. गेल्या रविवारी बहिणीने माझ्या हातात वाटी दिली आणि ती आत निघून गेली. मला पन्नास मिनिटे लागली.