असीरगड : दक्खनच्या वेशीवर एक दिवस

सातपुड्यातील खिंडीवर शतकानुशतके पहारा करणारा असीरगड एकदा पाहावा, असे आमच्या मंडळींच्या मनात पुष्कळ दिवसांपासून होते. गेल्या हिवाळ्यात तो योग आला. भुसावळहून पहाटेच्या गाडीने बुऱ्हाणपूर गाठले व तेथून मोटारीने सुमारे २० किलोमीटरांवरील गडाचा पायथा.

उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी वाट याच गडाखालून जाते. म्हणून यास दक्खनचे द्वार म्हणत. फारुकी सुलतानांकडून तो १६०१ साली, दीर्घ वेढ्यानंतर, अकबराच्या हाती गेला. १७६० साली उदगीरच्या विजयाने तो निजामाकडून पेशव्यांस मिळाला व पुढे शिंद्यांकडे आला.

गडावरील महादेवाच्या देवळात अश्वत्थामा अजूनही पूजेस येतो, ही आख्यायिका आमच्या भगिनीवर्गास तोंडपाठ होती. यशवंतराव लाड हे नाव मात्र फारच थोड्यांनी ऐकले होते. दुसऱ्या बाजीरावाने ३ जून १८१८ रोजी याच गडाच्या परिसरात माल्कमच्या स्वाधीन होऊन राज्य सोडले. शाळेतील इतिहास बहुधा येथेच थांबतो. गड मात्र थांबला नव्हता. इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरकर आप्पासाहेब भोसले यांना किल्लेदार यशवंतरावांनी आश्रय दिला. गड खाली करून द्यावा, अशी दौलतराव शिंद्यांची उघड आज्ञा आली, तरी त्यांनी ती मानिली नाही. मार्च १८१९ मध्ये डव्हटन व माल्कम यांच्या फौजांनी वेढा घातला, प्रथम पेठ पडली, मग तोफांचा मारा सुरू झाला आणि ९ एप्रिल रोजी गडावर इंग्रजी निशाण चढले. आप्पासाहेब तत्पूर्वीच निघून गेले होते.

धन्याची आज्ञा मोडणारा किल्लेदार म्हणून यशवंतरावांची संभावना होणे सोपे होते. परंतु गडावर शिंद्यांचेच एक पत्र इंग्रजांस सापडले : पेशवे सांगतील तसे वागावे! म्हणजे किल्लेदाराने खरी आज्ञा पाळिली, खोटी तेवढी मोडिली. त्याच पत्राचे निमित्त करून इंग्रजांनी गड कायमचा ठेवून घेतला. मराठ्यांच्या अखेरच्या युद्धाचा शेवट शनिवारवाड्यावर नव्हे, या बुरुजांवर झाला, हे आमच्या मुलांनी ध्यानी ठेवावे.

दुपारी बुऱ्हाणपुरास परतलो. संभाजी महाराजांच्या काळी, १६८१ साली, मराठी फौजांनी येथील बहादुरपुरा लुटून मोगलांस हादरा दिला होता. मुमताजमहल १६३१ साली येथेच वारली. राजवाड्यापेक्षा आम्हांस कुंडी भंडारा अधिक आवडला. सातपुड्यात मुरलेले पाणी भुयारी कालव्याने शहरात आणणारी ही विहिरींची माळ १६१५ च्या सुमाराची आहे. बांधणारांचे कौशल्य पाहून आमच्यातील एक निवृत्त ओव्हरसियर तेथून हलेनात!

शेवटी जामा मशीद पाहिली. फारुकी राजाने बांधिलेल्या या मशिदीत अरबीखाली संस्कृत शिलालेख आहे, त्यात राजवंशाची नावे व शके १५११ असा काल दिला आहे. गाडीची वेळ होईपर्यंत आमची वडीलधारी मंडळी तीच अक्षरे लावीत उभी होती.