सामोआतील गोवराची साथ (२०१९)

आपल्या लहानपणी गोवर घरोघरी यायचा. अंगावर लाल पुरळ दिसलं की आई मुलाला अंधाऱ्या खोलीत निजवायची, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायची. बहुतेक मुलं आठ-पंधरा दिवसांत उठून खेळायला लागायची. जी उठली नाहीत त्यांची नावं घरात पुन्हा कोणी काढत नसे. म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना आजही वाटतं, "गोवर तो काय, सगळ्यांनाच होतो!" मी जन्मभर नर्सचं काम केलं. सामोआ देशात काय झालं ते आपल्या पिढीने नीट समजून घ्यावं, म्हणून हे लिहिते.

सामोआ हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश. वस्ती सुमारे २ लाख, म्हणजे आपल्या अशदोदपेक्षा थोडी कमीच. जुलै २०१८ मध्ये तिथल्या सवाई बेटावरच्या एका रुग्णालयात एक-एक वर्षाच्या दोन बाळांना एमएमआर लस टोचली. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरची ही लस. टोचल्यावर काही मिनिटांतच दोन्ही बाळं गेली.

ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. टोचण्याआधी ती खास पाण्यात विरघळवायची असते. तिथे पाण्याच्या बाटलीऐवजी भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरतात त्या औषधाची बाटली हातात आली. लसीत दोष नव्हता. दोन नर्सेसनी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि २०१९ मध्ये त्यांना ५ वर्षांची शिक्षा झाली.

हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. शिकताना आमच्या ट्यूटर सिस्टर म्हणायच्या, बाटलीवरचं नाव तीनदा वाचा: कपाटातून काढताना, सुईत भरताना आणि बाटली परत ठेवताना. एकदा रात्रपाळीच्या शेवटी मीसुद्धा चुकीची बाटली उचलली होती. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या. तिसऱ्यांदा वाचलं आणि हात थांबला. ते मी कोणाला सांगितलं नाही, आज सांगते आहे. म्हणून त्या दोघींना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण ज्या आयांची बाळं गेली त्यांना काय सांगणार?

त्यानंतर सरकारने एमएमआर लस देणं काही महिने बंद ठेवलं. आईबापांना वाटलं, लसच बाळांना मारते. लस घेण्याचं प्रमाण आधीच घसरत होतं, ते आता कोसळलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजाप्रमाणे २०१८ मध्ये दर १०० बाळांपैकी जेमतेम ३१ बाळांना पहिला डोस मिळाला.

गोवराला थोपवायचं तर १०० पैकी ९५ जणांना संरक्षण लागतं. कारण हा रोग हवेतून पसरतो. रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून माणूस दुसऱ्यांना रोग देतो, तेव्हा घरच्यांना ते साधं सर्दी-पडसं वाटतं. कोणालाच संरक्षण नसेल तर एका रोग्यापासून १२ ते १८ जणांना लागण होते. लहान बाळांना न्यूमोनिया, जुलाब, कधी मेंदूला सूज, यांनी मरण येतं.

२०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात गोवराची साथ होती. तिथे पुष्कळ सामोअन लोक राहतात, जाणं-येणं नेहमीचं. रोग सामोआत पोचला. ऑक्टोबरमध्ये साथ जाहीर झाली, १५ नोव्हेंबरला आणीबाणी लागली. शाळा बंद झाल्या, मुलांना गर्दीत नेायला मनाई झाली. ५ आणि ६ डिसेंबरला सरकारी कचेऱ्या बंद ठेवून पथकं घरोघर फिरली. ज्या घरात लस घ्यायची कोणी राहिलं असेल, त्यांनी दाराबाहेर लाल कापड लावायचं, असा हुकूम होता. परदेशांतून डॉक्टर आणि नर्सेस मदतीला गेले, आपल्या इस्राएलहूनही गेले. डिसेंबर संपेपर्यंत लसीकरण सुमारे ९५ टक्क्यांवर पोचलं आणि साथ ओसरली.

तोवर ५,७०० हून अधिक लोकांना गोवर झाला होता. ८३ जण गेले, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. त्याच सुमारास शेजारच्या फिजी आणि टोंगा या देशांतही गोवर शिरला होता. तिथे बहुतेक मुलांना लस मिळालेली होती, आणि तिथे गोवराने एकही मृत्यू झाला नाही.

दोन बाळं चुकीने गेली, ते दुःख खरंच आहे. पण चूक कुठे झाली हे लोकांना लवकर आणि समजेल असं सांगितलं गेलं असतं, आणि लस नीट काळजी घेऊन पुन्हा सुरू झाली असती, तर पुढची कितीतरी मुलं वाचली असती, असं मला वाटतं.

आपल्याकडेही २०१८-१९ मध्ये गोवराचे ४,००० हून अधिक रोगी झाले होते. म्हणून आजी-आजोबांनी एवढं करावं. तिपत हालावमध्ये बाळाला वर्षाचा असताना पहिला डोस मिळतो, दुसरा त्यानंतर. दोन्ही झाले का, हे सुनेला, लेकीला प्रेमाने विचारा. त्यांच्या मनात भीती असेल तर रागावू नका, त्यांच्याबरोबर नर्सकडे जा आणि शंका तिथेच विचारा. लस न घेतलेल्या मुलाचा गोवराच्या रोग्याशी संबंध आला, तर त्याच दिवशी दवाखान्याला कळवा, कारण ७२ तासांच्या आत दिलेली लस उपयोगी पडू शकते. आणि ताप, खोकला, लाल डोळे यांच्यामागून पुरळ दिसलं, तर मुलाला घेऊन सरळ दवाखान्यात जाऊन बसू नका. आधी फोन करा. तिथे बाकावर दुसऱ्या कोणाचं तरी तान्हं बाळ असतं.