कळ, खटका आणि वेलांटी

परळी वैजनाथच्या एका शाळेतील शिक्षकमित्रांनी संगणकाचा एक जुना कळफलक जपून ठेवला आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, हाताला चांगलाच जड. काही कळांखालचे खटके निकामी झाले होते. डाख वितळवून ते काढले, नवे बसवले, आणि मग तो आमच्या हाती आला. पहिला फरक डोळ्यांना नव्हे, कानांना कळला. नव्या खटक्यांचा ‘टक्’ कोरडा व ठसठशीत, जुन्यांचा घासून मऊ झालेला. बोटालाही नव्या कळा किंचित ताठ लागतात. एकच शब्द टंकताना बोटे दोन पिढ्यांवरून फिरतात म्हणा ना!

खटका उघडून पाहिला. आत एक स्प्रिंग, धातूच्या दोन पट्ट्या आणि त्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारा प्लॅस्टिकचा सरकता दांडा. कळ सुमारे 2 मिलिमीटर खाली गेली की दांड्याचा अडसर दूर होतो, पट्ट्या टेकतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते. पूर्ण प्रवास 4 मिलिमीटरचा. चेरी या जर्मन कंपनीने 1980 च्या दशकात हा आराखडा बाजारात आणला. त्याचे पेटंट संपल्यावर चीनमधील अनेक कारखाने त्याच मापाचे खटके बनवू लागले. म्हणूनच इतक्या वर्षांनी नवा खटका जुन्या भोकांत बिनतक्रार बसतो.

कळेला किती जोर लागतो, हे वर्गात मोजता येईल. कळेवर एकेक नाणे अलगद रचत जा. कळ खाली गेली की ती नाणी तराजूत टाका. अशा खटक्यांसाठी उत्तर साधारण 50 ते 60 ग्रॅमच्या आसपास येईल.

पण पट्ट्या टेकवायला एवढा जोर आणि आवाज हवा कशाला? विजेला त्याची गरज नाही. ‘टक्’ करण्यासाठी तर दांड्यावर एक वेगळा तुकडाच बसवलेला असतो. हे सारे बोटासाठी आहे. कळ लागली, आता पुढे चला, असा तो निरोप. ही सवय बोटांना टंकलेखन यंत्राने, म्हणजे टाइपरायटरने लावली होती. तिथे आवाज मुद्दाम केलेला नव्हता. बोटाच्या जोरानेच खिळ्याचा दांडा उडून शाईच्या फितीवर आदळे.

गोदरेज कंपनीने 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. इंग्रजीचे काम त्यात सरळ होते: एक अक्षर, एक खिळा, कागद एक घर पुढे. देवनागरीने मात्र यंत्राला घाम फोडला. मात्रा आणि उकार अक्षराच्या वर-खाली बसतात, म्हणून त्यांच्या कळा दाबल्यावर कागद सरकूच नये अशी व्यवस्था करावी लागली. जागा वाचवण्यासाठी काही अक्षरे तुकड्यांनी जोडली. अर्धा ‘ख्’ दाबायचा, मग काना, की झाला ‘ख’. आणि ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ नंतर. कारण यंत्राला उच्चार ठाऊक नव्हता, फक्त आकार ठाऊक होते.

मग यंत्राला वळवायचे की लिपीला? सावरकरांनी ‘अि, अी’ अशी अ ची बाराखडी सुचवली. 1953 च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकाराचे चिन्ह अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरवले. ते टिकले नाही. टिकले नाही हे बरेच झाले, असे आम्हांला वाटते.

परळीसारख्या गावाला हा प्रश्न पोटापाण्याचा होता. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि तिथला राज्यकारभार उर्दूत चाले. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. कचेऱ्यांना मराठी टंकलेखक हवे झाले. मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होणे ही नोकरीची पायरी बनली. ज्याने वर्षभर घासून ‘आधी वेलांटी’ बोटांत बसवली, त्याला उद्या कळांच्या जागा बदलल्या असे सांगणे सोपे नव्हते.

संगणकात कळ आणि आकार यांचे लग्नच मोडले. कळ फक्त ‘क’ आला, एवढे कळवते. वेलांटी कुठे काढायची हे आत ठरते. या मोकळिकीचा फायदा घेऊन केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये इन्स्क्रिप्ट मांडणी प्रमाणित केली. पुण्यात 1988 मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. आणि ‘कि’ लिहायचे ते बोलतो तसेच, आधी ‘क’, मग इकार.

तरी रेमिंग्टन टाइपरायटरची जुनी मांडणी गेलेली नाही. गोदरेजने 2009 मध्ये टाइपरायटर बनवणे थांबवले, पण मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रेमिंग्टन’ हा पर्याय आजही सापडतो. तो निवडून ‘कि’ लिहिणारी बोटे अजून आधी वेलांटीच दाबतात.