मोटारीचा फ्यूज व तारायंत्राचा वारसा



१ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर या दोन शहरांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली. लांकडी बांधणीची व काथ्याच्या बैठकांची ती बेडफर्ड गाडी किसन राऊत यांनीं चालविली, आणि लक्ष्मण केवटे हे तिचे वाहक होते. २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव धारण केलेल्या या जिल्ह्याचा मोटारीशीं संबंध त्याहूनही जुना आहे. ब्रिटिश अमदानींतच येथील छावणींत चिलखती गाड्यांचें शिक्षण सुरू झालें होतें, आणि १९९४ सालीं उघडलेल्या येथील रणगाडा संग्रहालयांत रोल्स-रॉईसची जुनी चिलखती गाडी आजही पाहावयास मिळते.

अशा जिल्ह्यांत मोटार दुरुस्त करणारांची वाण कशी असेल? परंतु नगर-पुणें रस्त्यावर काय किंवा अन्यत्र काय, वायरिंगचें काम करणाऱ्याच्या दुकानांत एक तक्रार नित्य ऐकूं येते : ‘नवा फ्यूज घातला कीं लगेच जळतो.’ या क्षुल्लक दिसणाऱ्या तक्रारीमागें पावणेदोनशें वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्याचीं मुळें मोटारींत नसून तारायंत्रांत आहेत. तोच आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

फ्यूज, अर्थात् वितळतार, म्हणजे बुद्ध्या दुबळा ठेवलेला तारेचा तुकडा. १८४७ सालीं फ्रान्समधील ब्रेगे या यंत्रकारानें अशी सूचना केली कीं, तारघरांत शिरणाऱ्या तारेचा कांहीं भाग बारीक ठेवावा. म्हणजे वीज कोसळल्यास तो भाग वितळेल व आंतील यंत्र आणि माणूस दोन्ही वांचतील. पुढें घरोघरीं विजेचे दिवे नेणाऱ्या एडिसननें १८९० सालीं फ्यूजचें पेटंट मिळविलें. यामागील शास्त्र ज्यूल या इंग्रज संशोधकानें १८४१ सालींच सिद्ध केलें होतें. वर्गांत हा नियम शिकवितांना मी मुलांना एवढेंच पाठ करावयास सांगत असें कीं, प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, आणि तिप्पट झाला तर नऊपट.

प्रारंभींच्या मोटारींना या ज्ञानाची फारशी गरज नव्हती. त्यांचे दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत, आणि यंत्र हातानें दांडा फिरवून सुरू करावें लागे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे आले, आणि तेथून मोटारीच्या पोटांत तारांचें जाळें वाढत गेलें.

आतां या जाळ्याची एक गंमत पाहा. विजेला जावयास एक वाट लागते आणि परत यावयास दुसरी. मोटारींत मात्र दिव्याकडे बहुधा एकच तार जाते. परतीची वाट गाडीचा लोखंडी सांगाडाच होतो. ही युक्तीही तारायंत्राचीच. १८३८ सालीं जर्मनींतील श्टाइनहाइल यांना असें आढळलें कीं, तारायंत्राची परतीची तार काढून टाकली तरी प्रवाह जमिनींतून परत येतो. त्यामुळें मैलोगणती तार वांचली. आमचे मेकॅनिक लोक गाडीच्या सांगाड्याला आजही ‘अर्थ’ म्हणतात. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या त्या गाडीचा आणि पृथ्वीचा विजेच्या दृष्टीनें कांहीं संबंध नाहीं. तरी तारघरांतील तो शब्द मोटारखान्यांत येऊन राहिला आहे.

या काटकसरीबरोबर तिची खोडही आली. तारायंत्राच्या तारेला ओली फांदी लागली किंवा खांबावरील चिनीमातीचा टेकू फुटला, कीं संदेश पुढील गांवीं न पोंचतां वाटेंतच जमिनींत जिरे. मोटारींतही तसेंच होतें. पत्र्याच्या भोंकांतून जाणाऱ्या तारेभोंवतींचें रबरी कडें निसटलें, हादऱ्यांनीं तारेचें आवरण झिजलें, आणि उघडें तांबें पत्र्याला टेकलें, कीं प्रवाह दिव्यापर्यंत न जातां तेथूनच परत फिरतो. बारा व्होल्टच्या गाडींत ४८ वॉटचा दिवा चार अँपिअर प्रवाह घेतो. पण अशा उघड्या वाटेचा रोध दशांश ओहम उरला, तर तोच प्रवाह १२० अँपिअरपर्यंत चढूं पाहतो. फ्यूज तत्क्षणीं वितळतो तो यामुळेंच.

मग हा दोष शोधावा कसा? १८५४ सालीं कलकत्ता, आग्रा व मुंबई हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं. एवढ्या लांब मार्गावर बिघाड झाल्यास प्रत्येक खांब तपासणें अशक्यच. तेव्हां मधल्या तारघरांत तार सोडवून पाहावयाची. सोडविल्यावर दोष नाहींसा झाला तर तो पलीकडच्या भागांत. कायम राहिला तर अलीकडे. मग उरलेल्या भागाचे पुन्हां दोन भाग करावयाचे. असें करतां करतां शेंकडों मैलांचा शोध कांहीं खांबांवर येऊन ठेपे.

कुशल वायरिंगवाला आजही हेंच करतो. तो फ्यूजमागून फ्यूज जाळीत बसत नाहीं. जळालेल्या फ्यूजच्या जागीं तो २१ वॉटचा एक दिवा जोडतो. सांगाड्याला कितीही सरळ वाट मिळाली, तरी त्या दिव्यांतून पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊं शकत नाहीं. म्हणून तारा सुरक्षित राहतात, आणि दोष असेतोंवर दिवा लखलखीत पेटतो. मग त्या फ्यूजवर चालणारीं उपकरणें तो एकेक करून सोडवितो. ज्या जोडापाशीं दिवा विझतो, त्याच्या पलीकडे दोष. कोठलेंही उपकरण सोडवून दिवा विझला नाहीं, तर दोष मधल्या तारांच्या जुडग्यांत आहे असें समजून तो तें हातानें हलवीत जातो. दिवा लुकलुकला कीं बोट तेथेंच थांबतें. फ्यूज केव्हां जळतो हेंही तो आधीं विचारून घेतो. घालतांच जळला तर तार पत्र्याला लागली असावी ; कांहीं वेळानें जळला तर एखादी मोटर अडली असावी ; आणि खड्ड्यांतच जळला तर सैल तार हेलकावत असावी.

याउलट घाईचा मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद गुंडाळावा, किंवा तांब्याची जाड तार बसवावी. फ्यूज मग जळत नाहीं हें खरें. परंतु ज्यूलचा नियम कांहीं रद्द होत नाहीं. दुबळी जागा फ्यूजमधून निघून गाडीच्या मूळ तारेंत जाते, आणि ती तार बैठकींखालून, गालिच्याखालून, कधीं पेट्रोलच्या नळीजवळून गेलेली असते. पांच रुपयांच्या फ्यूजनें सोसावयाचें तें मग गाडीनें आणि गाडींतील माणसांनीं सोसावयाचें.

ब्रेगेनें जेव्हां तारेचा कांहीं भाग मुद्दाम बारीक ठेवण्यास सांगितलें, तेव्हां त्याच्या डोळ्यांसमोर यंत्रापाशीं बसलेला तारमास्तर होता. आज त्या जागीं आपलीं मुलेंमाणसें बसलेलीं असतात. तेव्हां फ्यूज वारंवार जळूं लागल्यास त्याला दोष देऊं नये. तो आपलें काम चोख करीत आहे असें समजावें, त्याच मापाचा दुसरा फ्यूज हाताशीं ठेवावा, आणि तो बसविण्यापूर्वीं तार कोठें उघडी पडली आहे याचा शांतपणें शोध घ्यावा.