काकांचा ॲम्प्लिफायर



मागच्या महिन्यात सुलतान बाजारच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावरून काकांचा ॲम्प्लिफायर खाली काढला. काळं खोकं, इतकं जड की दोघांना धरावं लागलं. सगळं वजन आतल्या ट्रान्सफॉर्मरचं. मुलं म्हणाली, भंगारात द्या. म्हणून ही गोष्ट लिहून ठेवतोय.

आधी थोडं मागचं. आपला हा भाग म्हणजे जुना रेसिडेन्सी बाजार, इंग्रजांच्या अखत्यारीतला. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत गेला. जवळच जांबागेत विवेकवर्धिनी, १९०७ ची. उर्दूच्या राज्यात केशवराव कोरटकर आदी मंडळींनी उभी केलेली ही शाळा आपला अभिमान, आणि तो रास्तच आहे. पण एक प्रसंग आपण सांगताना गाळतो. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या थिएटरात समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी कर्वे. अल्लमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उठले, तर सभेत त्यांची हुर्यो उडवली गेली. त्या रात्री दुखावलेली तेलुगू मंडळी एकत्र आली आणि आंध्र जन संघाची सुरुवात झाली. मला हे काकांनी सांगितलं. कधी सांगितलं, ते पुढे येतंच.

काकांना रेडिओ दुरुस्तीचा नाद. सत्तरच्या दशकात गणपतीत ऑर्केस्ट्रा येऊ लागले आणि त्यांच्यासोबत इलेक्ट्रिक गिटार आली. मंडळाच्या लाउडस्पीकर सेटला माइकच्या जागी गिटार लावली की आवाज बसका यायचा. गिटारच्या पिकअपचा सिग्नल नाजूक, त्याला माइकची इनपुट मानवत नाही. म्हणून काकांनी कोठीच्या गुजराती गल्लीतून सामान जमवून व्हॉल्व्हचा वेगळा ॲम्प्लिफायर बांधला.

त्याचे नियम आम्हा पोरांना पाठ होते. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकर आठ ओहमचा, तर जोडणीही आठचीच. नॉब फिरवताना खरखर आली तर आत धूळ, साफ करायची. व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टकटक केल्यावर स्पीकरमधून खणखण आलं तर तो व्हॉल्व्ह बदलायचा. सतत हमिंग येत असेल तर आधी वायर आणि अर्थिंग बघायचं, मग कंडेन्सर. आणि सगळ्यात मोठा नियम : प्लग काढला तरी आत हात घालायचा नाही. कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट साठून राहतात.

एका वर्षी आमच्या गल्लीच्या गणपतीत शेजारचा एक तेलुगू मुलगा गिटार घेऊन गायला उभा राहिला. माइक मंडळाच्या सेटला, गिटार काकांच्या ॲम्प्लिफायरला. पहिल्याच ओळीला माइकला ओठ लागले आणि पोरगा ओरडून मागे सरला. झटका बसला होता. स्पीकरमधून हमिंगही येत होतं.

एक ज्येष्ठ सभासद लगेच म्हणाले, "बरं झालं. आपल्या गणपतीत तेलुगू गाणं कशाला? काढा ती वायर."

काका काही बोलले नाहीत. टेस्टर ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला लावला, तर दिवा पेटला. कोणीतरी प्लगला टू-पिन लावून दुसऱ्या घरातून लाइन ओढली होती. अर्थिंगच नव्हती. गिटारच्या तारा त्या पत्र्याला जोडलेल्या, माइक मंडळाच्या सेटमधून अर्थ झालेला, आणि मधे तो पोरगा. काकांनी थ्री-पिन लावली आणि दोन्ही सेट एकाच बोर्डावर घेतले. हमिंग गेलं.

मग ते त्या ज्येष्ठांना म्हणाले, "बिघाड अर्थिंगचा होता, गाण्याचा नाही. एकवीस साली आपण एकाला बोलू दिलं नाही, ते लोक अजून विसरले नाहीत. मी वायर काढणार नाही." पोरगा गायला. त्या रात्री घरी आल्यावर मी विचारलं, एकवीस साली काय झालं होतं? तेव्हा काकांनी तो सगळा प्रसंग सांगितला.

काका पुढे मंडळाच्या कमिटीत राहिले नाहीत. का, ते आम्ही विचारलं नाही. पण सेट बिघडला की दोन्हीकडची माणसं आमच्याच जिन्यावर यायची.

आता खोकं भंगारात जाणार नाही. इतकी वर्षं बंद पडलेला ॲम्प्लिफायर एकदम लाइनवर लावायचा नसतो, जुने कंडेन्सर सुकलेले असतात. त्यामुळे आधी जाणकाराकडून ते बदलून घेईन. तुमच्या माळ्यावरही असं काही असेल तर टाकू नका. आणि त्या रात्री मांडवात तुमच्यापैकी कोणी होतं का? असाल तर खाली लिहा.